ठाण्याहून मटण स्ट्रीट: घड्याळाच्या चावीसाठी चोर बाजारात

आमच्या चरईतल्या घरी आजोबांचं लंबकाचं घड्याळ आहे, आठ दिवसांच्या चावीचं. घर रंगवताना चावी कुठे गेली कळलंच नाही आणि पाच वर्षं ते भिंतीवर गप्प होतं, मला ते बघवत नव्हतं. जांभळी नाक्याजवळ दोन-तीन घड्याळवाल्यांना विचारलं, सगळे म्हणाले चोर बाजार. मग मागच्या शनिवारी काकांना घेऊन गेलेच.

ठाण्याहून स्लो लोकलने थेट सँडहर्स्ट रोड, फास्ट पकडलीत तर भायखळ्याला उतरून एक स्टेशन स्लोने. तिथून जे जे फ्लायओव्हरच्या खालून रस्ता ओलांडून भेंडी बाजाराकडे चालत जाता येतं, काकांच्या गुडघ्यांमुळे आम्ही टॅक्सी केली. विचारताना मटण स्ट्रीटच म्हणा, कारण नुसतं चोर बाजार म्हटलं तर कोणी गाड्यांच्या पार्ट्सच्या गल्लीतही पाठवेल. शुक्रवारी ही दुकानं बंद असतात, त्या दिवशी पहाटे रस्त्यावर भरतो तो जुमा बाजार वेगळा. आम्ही साडेअकराला पोचलो तेव्हा शटरं उघडत होती, त्यामुळे फार लवकर जाऊ नका.

गल्ली छोटी आहे पण काय काय आहे! झुंबरं, पितळी समया, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, सिनेमाची जुनी पोस्टरं, कॅमेरे, आणि जहाजांवरचे दिवे आणि घंटा, कारण रे रोडजवळच्या दारुखान्याला जहाजं तोडतात तिथला माल इथे येतो. काका एका शिसवी आरामखुर्चीपाशी बराच वेळ उभे होते, म्हणाले अशीच आपल्या वाड्यात होती गं.

घड्याळवाल्या चाचांकडे चाव्यांनी भरलेला अख्खा डबा होता. मी निघताना एक काम केलं होतं, घड्याळात चावी बसते त्या चौकोनी दांडीवर कागद दाबून छाप घेतला होता, त्यावर चार चाव्या लावून त्यांनी दोन मिनिटांत बरोबर चावी काढली. तुम्हीही माप नेल्याशिवाय जाऊ नका, कारण चाव्यांच्या साइझमध्ये अगदी बारीक फरक असतो. काकांना स्टूल दिलं आणि मग शिकवणीच घेतली, की दोन भोकं असतात, एक चालायचं आणि एक टोल्यांचं, दोन्हीला चावी द्यायची, टोल्यांचं घड्याळ असेल तर मिनिटकाटा उलटा फिरवायचा नाही, आणि टिकटिक लंगडी ऐकू आली तर घड्याळ थोडं तिरकं करून बघायचं, टिक आणि टॉक सारखं पडलं पाहिजे. चावी २०० सांगितली, १५० ला दिली.

आता खरेदीला जाणाऱ्यांसाठी. चकचकीत पितळी भोंग्याचे ग्रामोफोन बहुतेक नवीन जुळवलेले असतात, दिसायला छान पण जुने म्हणून पैसे देऊ नका. 'रॉयल नेव्ही १९१७' कोरलेल्या दुर्बिणींचं आणि होकायंत्रांचंही तेच. रामदरबाराचं चित्र असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं नाणं कोणी दाखवलं तर सरळ पुढे चला, कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. रवि वर्मा प्रेसची चित्रं घेणार असाल तर भिंग न्या, एकसारखे ठिपके दिसले तर ती आजची छपाई. आणि परदेशातल्या नातेवाइकांसाठी काही घेत असाल तर लक्षात ठेवा, १९७२ च्या कायद्याने १०० वर्षांवरची मूर्ती, चित्रं वगैरे बाहेर नेता येत नाहीत. फोटो काढण्याआधी विचारा. घासाघीस करा पण शांतपणे, आणि घाई असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

जाताना बोहरी मोहल्ल्यात ताज आइस्क्रीम, १८८७ पासूनचं, सांच्यात हाताने फिरवलेलं. सीताफळ असेल तेव्हा सीताफळच घ्या.

घड्याळ त्याच रात्री सुरू झालं. दिवसाला चार मिनिटं पुढे पळत होतं, काल लंबकाखालचा नट थोडा सैल करून लंबक खाली आणला, आज दोन मिनिटांवर आलंय.