रतनवाडी ते खिरेश्वर: मार्गाची निवड आणि सरावाची प्रगती

दिवाळीनंतरच्या पायी सहलीचा मार्ग अखेर निश्चित झाला आहे. रतनवाडीला मुक्काम करून रतनगड पाहायचा, कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला उतरायचे, तेथून पाचनई गाठून हरिश्चंद्रगडावर चढायचे आणि टोलार खिंडीच्या वाटेने खिरेश्वरला बाहेर पडायचे, असा हा बेत आहे. सोलापुरासारख्या सपाट मुलुखात राहून सह्याद्रीतील अनेक दिवसांची वाट निवडताना कोणत्या गोष्टी आधी पाहाव्या लागतात, हे समानधर्मी भटक्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे चालणाऱ्या माणसांची वानवा नाही. कोजागरीच्या सुमारास सोलापुराहून तुळजापूरला पायी निघणाऱ्या भाविकांमध्ये लहान मुले असतात, साठी ओलांडलेल्या बायकाही असतात, आणि पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासचे ते अंतर बहुतेक जण निभावून नेतात. त्यामुळे अंतराची धास्ती आम्हाला नव्हती. प्रश्न होता तो उताराचा. चढताना दम लागतो, पण थांबले की तो ओसरतो. उतरताना मात्र मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा आणि सॅकचा भार पेलत असतो, म्हणून त्याचा ठणका दुसऱ्या दिवशी जाणवतो, आणि अनेक दिवसांच्या वाटेवर तो दुसरा दिवसही चालण्याचाच असतो. म्हणूनच कोणत्या मार्गावरून काय दिसते याआधी कोणत्या दिवशी किती उतरायचे आहे, हे पाहायचे आम्ही ठरवले.

या कसोटीवर राजगड–तोरणा–रायगड हा मार्ग मागे पडला, याचे मला मनापासून वाईट वाटते. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या धारेइतकी देखणी चाल महाराष्ट्रात क्वचितच असेल. पण तोरण्यानंतर मोहरी गावापर्यंतची लांबलचक वाट तुडवून सिंगापूर नाळेने, म्हणजे कड्यातील उभ्या घळीच्या वाटेने, एका दमात कोकणात उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रायगड चढायचा, हे आमच्या गटातील ज्येष्ठ काकांच्या गुडघ्यांना परवडणारे नाही. पन्हाळा ते पावनखिंड हा मार्ग आम्हाला तुलनेने जवळचा आहे आणि मसाई पठाराची हिरवाई डोळ्यांचे पारणे फेडणारी असते. मात्र ती वाट पावसाळ्यात, 1660 सालच्या त्या जुलैमधील रात्रीची आठवण मनात ठेवून चालावी, असे माझे ठाम मत आहे. ती पुढच्या आषाढासाठी राखून ठेवली आहे.

उतार मोजण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे फार कामी आले. त्यांत एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर, आणि दोन लगतच्या समोच्च रेषांमधील (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमधील) उंचीचा फरक 20 मीटर असतो. म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये वाटेने अशा दहा रेषा ओलांडल्या, तर अर्ध्या किलोमीटरमध्ये 200 मीटर उतरायचे आहे असे समजावे. मी प्रत्येक दिवसाच्या वाटेवर पट्टी ठेवून दाट रेषांचे भाग लाल पेन्सिलीने रंगवले. रतनवाडीच्या मार्गावरही लाल रंग आहेच, पण तो वेगवेगळ्या दिवसांमध्ये विभागला जातो आणि प्रत्येक लाल टप्प्यानंतर गाव येते. गाव म्हणजे विहीर आणि गरम जेवण. पाण्याचा हिशेब त्यामुळे सोपा होतो, शिवाय तंबू वाहून नेण्याची गरज उरत नाही.

हंगामही पाण्यावरूनच ठरवला. पावसाळा संपताच गेल्यास वाटेवर गवत आणि कारवी माजलेली असते, तर उशीर केल्यास ओढे आटत जातात. दिवाळी ते दत्तजयंती हा काळ त्यामानाने उत्तम, कारण तेव्हा हवा स्वच्छ असते आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खालचा मुलूख दूरवर दिसतो.

या मार्गाची सुरुवात एका ठिकाणी आणि शेवट दुसऱ्या ठिकाणी होत असल्याने स्वतःची गाडी नेण्यात अर्थ नाही. जाताना पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर करत रतनवाडीच्या अलीकडच्या शेंडी गावापर्यंत जायचे आणि येताना खिरेश्वरजवळच्या खुबी फाट्यावरून आळेफाटामार्गे पुणे गाठायचे, असे ठरले आहे.

सरावाची प्रगती समाधानकारक आहे. जवळपास डोंगर नसल्यामुळे नळदुर्ग किल्ल्यातील उपळी बुरुजाच्या उंच पायऱ्या आम्ही सरावासाठी वापरतो. सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवून चढायचे आणि उतरताना प्रत्येक पायरीवर पाऊल आवाज न करता टेकवायचे, हा नियम पाळतो. पाऊल आपटले की भार स्नायूंऐवजी सांध्यावर गेला असे समजावे. सुरुवातीला काही फेऱ्यांनंतर मांड्या थरथरत असत. आता काकांचे पाऊलही शेवटच्या फेरीपर्यंत हलके पडते.

शिधा मात्र अगदी सोलापुरी आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांना शिजवावे लागत नाही आणि पाण्याचा अंश नसल्याने त्या अनेक दिवस टिकतात. भाकऱ्या सुती कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात बसवल्या, तर चुरा कमी होतो. झालाच तर मुक्कामाच्या घरी मिळणाऱ्या आमटीत तो उत्तम मुरतो.

आता एकच गोष्ट ठरायची राहिली आहे. टोलार खिंडीच्या बाजूला रेलिंग लावलेला कातळटप्पा आहे आणि तो उतरतानाच पार करावा लागेल. गडावर पोहोचल्यावर काकांचे गुडघे कुरकुरत असतील, तर आम्ही आल्या वाटेने पाचनईला परत उतरू आणि खिरेश्वरचा टप्पा सोडून देऊ. त्यासाठी पाचनईहून राजूरला जाणाऱ्या गाडीची चौकशी या आठवड्यात करणार आहे.