लेकीचा फोन मी कपाटात कोंडला होता

एप्रिलची गोष्ट. लेकीची नववीची परीक्षा सुरू होती. रविवारी सकाळी कोपऱ्यावरून तर्री-पोहे आणले, तिची प्लेट तशीच गार झाली. फोन टेबलावर पालथा ठेवलेला. तो थरथरला की तिचे खांदे आखडायचे. "काहून गं, काय झालं?" तर म्हणे काही नाही. मीच फोन उचलला.

तिच्या नावानं, तिचाच फोटो लावून कुणीतरी इन्स्टाग्रामवर खातं काढलं होतं. तिच्या रंगावरून घाणेरडं लिहिलेलं, वर्गातल्या पोरांना तिच्या नावानं मेसेज. माझं डोकंच फिरलं. फोन बंद करून कपाटात टाकला. ती रडत म्हणाली, "म्हणूनच सांगितलं नाही ना आई! तुम्ही फोनच घ्याल, माहीत होतं मला." तीन आठवडे पोरगी हे एकटी सोसत होती, आमच्या धाकानं. तासाभरात मी फोन तिच्या हातात परत दिला. तिला जवळ घेऊन माफीही मागितली.

सोमवारी सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या मॅडमनी आधी हेच विचारलं, "ताई, काही डिलीट तर नाही केलं ना?" नशीब, केलं नव्हतं. घरी बसून आम्ही दोघींनी प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट काढला, तारीख-वेळ दिसेल असा. खात्याची लिंकही वेगळी उतरवून ठेवली. ब्लॉक केलं ते हे सगळं झाल्यावरच. उलट उत्तर एकही दिलं नाही.

मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांच्या विभागात तक्रार भरली, पावती क्रमांक जपून ठेवला. इन्स्टाग्रामलाही तोतया खात्याची तक्रार केली, आई म्हणून मी करू शकले. दुसऱ्याच्या नावानं काढलेल्या खात्यावर कारवाईसाठी २०२१च्या आयटी नियमांत २४ तासांची मुदत घातली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खातं गेलेलं होतं.

शाळेनं मात्र आधी हात झटकले. "हे शाळेबाहेरचं आहे," म्हणे. वर्गातल्याच पोरांना मेसेज गेले होते, तरी! मी स्क्रीनशॉट छापून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा कुठे वर्गशिक्षिका पालकांशी बोलल्या.

खातं गेलं तरी लेकीला झोप येत नव्हती. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट. आधी ती नाहीच म्हणाली. मराठीत बोलता येतं म्हटल्यावर खोलीत जाऊन दार लावलं तिनं. मी बाहेर कूलरमध्ये पाणी भरत राहिले. टाकी भरून वाहायला लागली, आत तिचं बोलणं सुरूच होतं.