सोशल मीडियाची टीम आणि उत्तर देण्याचा अधिकार

मसाले आणि दिवाळीचा फराळ तयार करणाऱ्या एका कौटुंबिक व्यवसायात सोशल मीडियाची टीम उभी करण्याचे आणि चालवण्याचे काम माझ्याकडे आहे. इतर व्यावसायिक भेटतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: रील बनवायला माणूस ठेवावा, की सगळे काम एजन्सीला द्यावे? माझ्या मते सुरुवात या प्रश्नाने करूच नये. ग्राहकाने काही विचारले तर उत्तर कोण देणार आणि त्या माणसाला स्वतःच्या जबाबदारीवर किती निर्णय घेता येणार, हे आधी ठरवावे. कॅमेऱ्याचा विषय त्यानंतर काढावा.

एप्रिल २०१० मध्ये आइसलंडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातली विमानसेवा ठप्प झाली, तेव्हा अडकलेले प्रवासी केएलएम या डच कंपनीला फेसबुक आणि ट्विटरवर प्रश्न विचारू लागले. कंपनीने निरनिराळ्या विभागांतली आपलीच माणसे उत्तरे द्यायला बसवली आणि पुढे त्यातूनच तिची सोशल मीडियावरची २४ तासांची ग्राहकसेवा उभी राहिली. बाहेरच्या एजन्सीतल्या लेखकाने सुंदर दिलगिरी लिहून दिली असती, पण तिकीट बदलून देणे त्याच्या हातात नव्हते.

आमच्याकडे तिकिटाच्या जागी चकली आहे. परदेशी गेलेल्या पार्सलचा फोटो येतो, डब्यात चकल्यांचा चुरा झालेला असतो आणि शेजारचे अनारसे मात्र धड असतात. अशा वेळी ‘कळवल्याबद्दल आभार, आमची टीम लवकरच संपर्क करेल’ या उत्तराने त्या ताईंच्या पदरात काहीच पडत नाही. आमच्या टीममधली मुलगी झाकणावरचा बॅच क्रमांक मागून घेते, पॅकिंगच्या मावशींना थेट फोन लावून चकल्यांच्या थरांमध्ये कागद घातला होता का हे विचारते आणि ठरलेल्या रकमेपर्यंत पैसे परत करायचे की नवा डबा पाठवायचा, हे मालकांना न विचारता ठरवते. तक्रार त्याच संध्याकाळी पॅकिंगच्या वहीत नोंदवली जाते. एवढा अधिकार टीमला मिळावा म्हणून मला मालकांशी बराच वाद घालावा लागला आणि तो घातल्याचे मला समाधान आहे.

टीममधला पहिला माणूस मी दुकानाच्या काउंटरवरूनच घेतला. गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला यांतला फरक गिऱ्हाइकाला समजावून सांगणाऱ्याला व्हिडिओचे एडिटिंग शिकवता येते. उलट दिशेने शिकवायला फार काळ जातो.

काही नियम मात्र आपल्या सोयीने ठरत नाहीत. व्हॉट्सॲपच्या एपीआय सेवेत (म्हणजे व्यवसायाने स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून संदेश पाठवण्याच्या सोयीत) ग्राहकाच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तास उलटले, की आधी मंजूर करून घेतलेल्या मजकुराखेरीज काही पाठवता येत नाही. शनिवारी रात्री आलेल्या प्रश्नाला सोमवारी सकाळी मोकळेपणाने उत्तर देणे त्यामुळे अशक्य होते, आणि म्हणून रविवारची पाळी लावावीच लागते. पाककृती दाखवणाऱ्या मंडळींना आपण मसाल्याची पाकिटे फुकट पाठवली, तरी ॲस्कीच्या, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या, २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्यांनी ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहायचे असते. ते लिहिले आहे की नाही, हे आमची टीम तपासते. पेजचे ॲडमिन हक्कही कोणा भाच्याच्या किंवा एजन्सीच्या खात्यावर न ठेवता कंपनीच्या नावाने किमान दोघांकडे असावेत.

माणसांची काळजी हा भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. शिवीगाळ आली तर त्या मुलीने उत्तर द्यायचे नाही, तो संवाद माझ्याकडे यायचा, असा आमचा दंडक आहे. दिवाळीच्या पंधरवड्यात अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी ही मुले रात्री जागतात. काउंटरवरच्या लोकांना जादा वेळेचे पैसे मिळतात, तसे ते यांनाही मिळावेत, असा आग्रह मी यंदा मालकांकडे धरला आहे.