कमी उंचीच्या स्त्रीने परवडणारी हायब्रिड सायकल घेताना: माझा अनुभव

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरून सातपूरला कामावर जाण्यायेण्यासाठी मला गिअरची, हलकी आणि खिशाला परवडणारी सायकल हवी होती. सरळ हँडल, 700सी मापाची मोठी चाके आणि 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचे टायर असलेली हायब्रिड शहरातल्या रस्त्यांनाही चालते आणि सुट्टीच्या दिवशी सोमेश्वरपर्यंतही नेते, त्यामुळे प्रकार ठरवायला वेळ लागला नाही. बजेट 20,000 रुपये ठरले. पुढे सगळे अडले ते फ्रेमच्या मापाशी, आणि त्याचा राग अजूनही पुरता गेलेला नाही.

माझी उंची 5 फूट 1 इंच आहे. भारतीय स्त्रीची सरासरी उंची साधारण 152 सेंटिमीटर धरली जाते, म्हणजे मी सरासरीपेक्षा थोडी उंचच ठरते. तरीही मी ज्या दुकानांत गेले, तिथे मांडलेल्या हायब्रिड सायकली 17 किंवा 18 इंची फ्रेमच्याच होत्या. 15 इंची फ्रेम मागितली की मुलांची सायकल किंवा पुढे टोपली लावलेली लेडीज सायकल दाखवली जाई. एका दुकानात तर मालक माझ्या प्रश्नांची उत्तरे माझ्याबरोबर आलेल्या भावाला देत होते. आणि प्रत्येक ठिकाणी तेच एक वाक्य ऐकावे लागले, “मॅडम, सीट खाली करून देतो, एकदम बसून जाईल.”

सीट खाली केल्याने फक्त सीट खाली येते. सीटखालून हँडलकडे जाणारा फ्रेमचा वरचा दांडा जिथे आहे तिथेच राहतो आणि हँडलही तितकेच दूर राहते, हे मला प्रत्येक दुकानात टेप काढून दाखवावे लागले. घरी भिंतीला पाठ टेकवून, अनवाणी उभे राहून, पायांमध्ये पुठ्ठ्याचे पुस्तक घट्ट वर धरून त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजले, तेव्हा माझ्या पायाची आतली लांबी 70 सेंटिमीटर भरली होती. दुकानातल्या 18 इंची सायकलीचा दांडा जमिनीपासून 75 सेंटिमीटरवर होता. सिग्नलला अचानक थांबून दोन्ही पाय टेकवायचे झाले, तर त्या दांड्यावर आदळण्यावाचून दुसरे काय होणार? बूट घालून सायकलीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यावर दांडा आणि शरीर यांच्यात निदान 3 ते 5 सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे, आणि ते न राहिल्यास कितीही सूट मिळाली तरी ती सायकल आपली नाही.

हँडल दूर असण्याचा त्रास दुकानाच्या दारातल्या एका चकरेत कळत नाही. हात पूर्ण ताणले जातात, कोपरे ताठ होतात, शरीराचा भार तळहातांवर येतो आणि थोड्या अंतरानंतर बोटांना मुंग्या येऊ लागतात. हँडलला फ्रेमशी जोडणारा स्टेम आखूड घालून दोनतीन सेंटिमीटरची सोय होते. त्याहून मोठा फरक त्याने भरून निघत नाही.

शेवटी एका दुकानदारांनी आगाऊ रक्कम घेऊन 15 इंची सायकल मागवून देण्याचे कबूल केले. पावतीवर “फ्रेम 15 इंच” असे लिहून द्यायला मी आग्रहाने लावले. “उद्या येईल” हे उत्तर ऐकत बरेच दिवस गेले आणि अखेर खोके आले, त्यावर “एस” लिहिलेले होते. पायडलच्या दांड्या ज्या आसाभोवती फिरतात, त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत मी टेप लावली, तर माप 17 इंच. “कंपनीचं स्मॉल हेच असतं, मॅडम,” असे उत्तर मिळाले. ते एका अर्थी खरेही होते, कारण एस, एम या अक्षरांमागचे माप प्रत्येक कंपनीचे वेगवेगळे असते. पण पावतीवर अक्षर नव्हते, इंच होते, आणि त्या एका ओळीमुळेच बरीच वादावादी होऊन का होईना, पैसे पूर्ण परत मिळाले. ती ओळ लिहून घेतली याचे मला आजही समाधान वाटते.

माझी सायकल नंतर दुसऱ्याच दुकानात, कोपऱ्यात मिळाली. फ्रेम 15 इंची, दांडा सीटकडे उतरता, त्यामुळे सलवार-कमीज घालूनही पाय सहज पलीकडे जातो. तिथल्या मेकॅनिकने न सांगता एक गोष्ट केली, जी मला कुठल्याच दुकानात कोणी दाखवली नव्हती. ब्रेकच्या लिव्हरच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. माझ्या लहान हातांची दोन बोटे तेव्हा कुठे नीट पोहोचली. सीटची उंची ठरवताना टाच खाली गेलेल्या पायडलवर ठेवायची. गुडघा सरळ झाला तर उंची बरोबर, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात हलका बाक राहतो. फ्रेम लहान आणि चाक मोठे असल्यामुळे हँडल वळवताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागते का, हेही तिथेच हळू चालवून पाहावे.

गिअरच्या आकड्याला मी महत्त्व दिले नाही. मागे 7 गिअर आणि मागची सर्वांत मोठी चकती 28 दात्यांची किंवा त्याहून मोठी असली की शहरातल्या चढांना पुरते. स्वस्त सायकलीतले पुढचे सस्पेन्शन वजन वाढवते, म्हणून ते टाळले. चाकाची कडा दोन्ही बाजूंनी दाबणारे साधे व्ही-ब्रेक कोणताही मेकॅनिक दुरुस्त करतो, म्हणून ते निवडले. मडगार्ड आणि कॅरिअर लावायला फ्रेमला भोके आहेत का, ते मात्र पाहून घ्या. डबा आणि पर्स खांद्यावर घेऊन रोज चालवता येत नाही. हेल्मेट, कुलूप, दिवे आणि स्टँड यांसाठी दोनतीन हजार रुपये आधीच वेगळे काढावेत. सायकलींवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावरचा दर वाचूनच पैसे द्यावेत.

ऑनलाइन मागवणाऱ्या मैत्रिणींसाठी एक सांगायचे राहिले. सायकल अर्धवट जोडलेली येते आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आवळावे लागते. जोर लावून उलटसुलट बसवले तर आटेच जातात. आणि 700सी मापाची ट्यूब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे बहुधा नसते, म्हणून सायकल घेतानाच एक जादा ट्यूब घेऊन सीटखालच्या पिशवीत ठेवावी.