तुम्ही विचारलंत म्हणून: सीबीटीने फरक पडला का?

सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, आपले विचार आणि वागणं तपासून बघायला शिकवणारा मानसोपचार. ‘सीबीटी करून फरक पडला का?’ हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता प्रश्न कानावर पडताच धडधडायला लागतं. कारण पाठोपाठ दुसरं वाक्य येतंच: ‘म्हणजे सकारात्मक विचारच ना? त्याला थेरपिस्ट कशाला हवा?’

नाही हो. सकारात्मक विचार मी वर्षानुवर्षं केले. रात्री झोपताना ‘सगळं नीट होईल’ असं स्वतःला बजावायचं आणि तीन वाजता दचकून उठायचं.

१९६०च्या दशकात ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञांच्या लक्षात आलं की खिन्न रुग्णांच्या मनात सतत एक आपसूक बोलणं चालू असतं आणि रुग्ण ते न तपासता खरं मानतात. त्यातून ही पद्धत उभी राहिली. माझ्या मनातलं बोलणं असं: ‘तुला जमत नाही, आणि आज ते सगळ्यांना कळणार.’

मी प्रत्येक मेल दहा-बारा वेळा वाचून पाठवायचे. थेरपिस्ट म्हणाली, एकदाच वाचा आणि पाठवा. काय होईल ते आधी लिहून ठेवा. वहीत लिहिलं: चूक निघेल. साहेब चिडतील. काम माझ्याकडून काढून घेतील. खात्री ९० टक्के. मेल पाठवला आणि हात मांड्यांखाली दाबून बसले, नाहीतर तो परत उघडलाच असता.

चूक निघाली. तक्त्यात मागच्या महिन्याचा आकडा तसाच राहिला होता. साहेब चिडले, तेही बैठकीत. ‘एवढं तरी बघत जा.’ कानशिलं तापली, समोरच्या कागदावरची अक्षरं दिसेनात. नंतर बाथरूमची कडी लावून रडले. संध्याकाळी थेरपिस्टवर जवळजवळ ओरडलेच, ‘बघा, झालं ना खरं!’

वाटलं, ती समजूत काढेल. तिने वही माझ्यापुढे सरकवली. ‘तीन गोष्टी लिहिल्या होत्या तुम्ही. तिसरीचं काय झालं?’

तिसरी झालीच नव्हती. बैठक संपताना त्याच साहेबांनी पुढचा तक्ता मलाच करायला सांगितला होता. मी ‘हो’ म्हटलं होतं, आणि रडण्याच्या नादात ते पार पुसून गेलं होतं. पहिल्या दोन खऱ्या ठरल्या म्हणून तिसरीही मी झालेलीच धरली होती. त्या दिवशी वहीपुढे मी बराच वेळ गप्प बसले होते.

त्यानंतर काही महिने भेटेल त्याला ‘मी बरी झाले’ असं सांगत सुटले. ते सांगायला नको होतं. ‘मग आता परत का घाबरतेस?’ असं कोणी विचारलं की मला राग येतो, पण तो प्रश्न त्यांच्या तोंडी मीच घातलाय. मनातला तो आवाज गेलेला नाही. ९० टक्क्यांची खात्री कधी ५० वर येते, कधी ८० वरच अडते. बोलणी बसल्याचं दुःख तर कुठल्याच रकान्यात मावत नाही, आणि ते मावावं असं मला वाटतही नाही.

सध्या वेगळीच शंका छळते: मेल दहादा वाचायची जागा आता वहीने घेतली की काय? पाठवण्याआधी पुरावे लिहायचे, मग परत वाचायचे, मग आणखी एक ओळ. थेरपिस्टलाही ही शंका रास्त वाटते. मंगळवारी वही न उघडता एक मोठा मेल पाठवला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.