झिरो तिकीट आणि नंदगडचा वड

सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली आणि होस्टेलच्या दोन जुन्या मैत्रिणींकडे बेळगावला गेले. एक टिळकवाडीची, एक शहापूरची. आम्ही त्यांना अजून त्याच नावांनी हाका मारतो.

पहाटे साडेपाचला पुण्याच्या बसमधून उतरले आणि एम.ए. झालेली मी एकदम निरक्षर झाले. पाट्यांवरची ती गोलगोल अक्षरं, एकही ओळखीचं नाही. बरं, कानावर मात्र सगळीकडे मराठीच. रिक्षावाल्याने किल्ला तलावाकाठचा ११० मीटर उंच ध्वजस्तंभ दाखवला, तोही असा की जणू त्यानेच उभा केलाय. २०१८ मध्ये बसवला म्हणे. अंधारात त्याचं टोक काही दिसलं नाही, मान मात्र अवघडली.

टिळकवाडीच्या घरी काकू दारातच उभ्या. "आलीस? मी चहा टाकतो, तू तोंड धुऊन घे." इकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' म्हणतात, हे मैत्रिणीमुळे ठाऊक होतं. तरी काकूंच्या तोंडून ऐकताना गंमत वाटलीच. चहाबरोबर वाटीत कुंदा. आटवून आटवून तपकिरी झालेला, रवाळ. सकाळी सहाला गोड कोण खातं? मी दोनदा खाल्ला.

मला वाटलं होतं झेंडावंदन जवळच कुठेतरी होईल. काँग्रेस विहीर तर पायी जाण्यासारखी. १९२४ च्या अधिवेशनासाठी खणलेली. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनात. पण शहापूर म्हणाली, "विहीर कुठं पळून जात नाही. आज नंदगडला जायचं."

कारण तिने बसस्टँडवर सांगितलं. संगोळ्ळी रायण्णा, कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शिलेदार. राणी कैदेत गेल्यावरही तो इंग्रजांशी गनिमी काव्याने लढत राहिला. १५ ऑगस्टचा त्याचा जन्म मानतात, आणि १८३१ साली नंदगडजवळ फाशी दिली ती २६ जानेवारीला. दोन्ही तारखा पुढे सगळ्या देशाच्या सुट्टीच्या होणार, याची त्या बिचाऱ्याला काय कल्पना! मला तर शाळेत त्याचं नावही भेटलं नव्हतं. इतिहासाची पुस्तकं राज्याच्या हद्दीपाशी थांबतात बहुतेक.

बसमध्ये कंडक्टर आला. दोघींनी आधार कार्ड दाखवलं, त्याने दोन झिरो तिकिटं दिली. कर्नाटकात २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण कर्नाटकातल्याच. माझ्या कार्डावर पुण्याचा पत्ता. "तुमचं फुल्ल की हो," कंडक्टर अगदी हळहळून म्हणाला. आमच्या एसटीत निदान अर्धं तरी असतं! दोघी खिडकीकडे तोंड करून हसत होत्या. बाहेर उसाने लादलेले ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, आणि मागे आमची बस हॉर्न वाजवत. खानापुराला मलप्रभा दिसली, तिथे बस बदलली.

नंदगडात शाळेच्या पोरांची प्रभातफेरी आडवी आली. पुढे कन्नड शाळा, मागे मराठी. घोषणा दोन भाषांत सुरू होत होत्या आणि 'जय'ला एकत्र येत होत्या.

गावापासून चारेक किलोमीटरवर फाशीची जागा. मोठा वड, शेजारी अशोकस्तंभ. भाषणं कन्नडमध्ये चालली होती, शहापूर कानात भाषांतर करत होती आणि कंटाळा आला की गाळत होती. माझं लक्ष मात्र एका सहा-सात वर्षांच्या रायण्णाकडे. डोक्याला पटका, हातात पुठ्ठ्याची तलवार, काजळाच्या झुपकेदार मिश्या. वाटलेला लाडू खाताना एक मिशी पार गालावर गेली. आई पदराने पुसायला आली तर हा तलवार उपसून मागे सरकला. शेवटी एकाच मिशीनिशी फोटो काढला. बाकी सगळ्या फोटोंत मला नुसती माणसांची डोकी मिळाली आहेत.

परतीच्या वाटेवर दोघींनी माझ्याकडून एक कन्नड वाक्य घोकून घेतलं, 'एक बेळगाव द्या' एवढंच. बसमध्ये कंडक्टर जवळ आल्यावर मी ऐटीत म्हणाले, "ओंदू बेळगावी कोडरी."

त्याने खुशीत मान डोलावली आणि हात पुढे केला. "आधार?"

मी कार्ड दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फुल्ल तिकीट फाडलं.