फाट्यावर थांबलेला भिडू

मंडळाच्या वार्षिक सायकल सहलीत एक जण कायम सगळ्यांच्या मागे असायचा. पंप, पाने आणि पंक्चरची पिशवी त्याच्याकडे. पुढे रस्ता ठाऊक असलेला एक, मध्ये बाकीचे वीस-पंचवीस. फाटा आला की दुसऱ्या नंबरवरच्या भिडूने तिथेच उभं राहायचं, मागचा पिशवीवाला दिसेपर्यंत हलायचं नाही. इतकी साधी पद्धत, पण तिच्या जोरावरच हमरस्ता सोडायची हिंमत व्हायची.

आणि सोडावा लागायचाच. पूल बंद, रस्ता खणलेला, असं काही ना काही निघायचं. म्हणून ४० किलोमीटरच्या सहलीला तासाला १२ किलोमीटर असा हिशेब धरून वर एक तास मोकळा ठेवलेला असे. तो तास हीच खरी सहल.

कालव्याच्या काठाचा रस्ता असाच सापडला. पाणी वाहतं राहील एवढाच उतार कालव्याला देतात, बऱ्याचदा किलोमीटरभरात वीतभर. टेकडी आली की कालवा वळसा घालतो, चढत नाही. त्यामुळे चढाच्या ८ किलोमीटरऐवजी काठाने ११ पडले तरी वेळ जवळपास तेवढाच लागतो, आणि पहिल्यांदा आलेली पोरं धापा न टाकता पोचतात. दुसऱ्या एका वर्षी नव्या रस्त्याने बाजूला टाकलेलं जुनं वळण मिळालं. गवतात मैलाचा दगड, त्यावर कोरलेला ५. नकाशाशी काही केल्या जुळेना. मैल म्हणून मोजल्यावर बरोबर ८ किलोमीटर निघाले!

आडवाटेची किंमत म्हणजे काटे. ट्यूब काढताना व्हॉल्व्हची जागा टायरवर खडूने खुणावलेली असली की ट्यूबचं भोक टायरवर कुठे येतं ते लगेच कळतं, आणि काटा तिथेच असतो. टायरच्या आतून बोट हळू फिरवून तो काढल्याशिवाय ठिगळाला अर्थ नाही, नाहीतर दहा मिनिटांत पुन्हा फुस्स. मग पॉलिश पेपरने घासायचं, सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा आणि पाचेक मिनिटं थांबायचं. घाई इथेच नडते. सोल्यूशन ओलं असताना लावलेलं ठिगळ हवा भरताच कडेने सुटतं. बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही, इतकं ते सुकायला हवं. शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नये. हवा कमी होती, दगडावर आदळून ट्यूब रिममध्ये चिमटली. मऊ मातीत चाक रुतू नये म्हणून हवा कमी केलेल्यांना पुढच्या खडीवर हे हमखास भोवायचं.

तोवर पुढच्या फाट्यावरचा भिडू सायकलला टेकून उभाच असायचा. लांबून पिशवीवाला दिसला की हात वर करायचा आणि पॅडलवर पाय ठेवायचा.